पांढरीवर जाताना : विदर्भातलं जुनं टेकाड पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

विदर्भात नदीकाठच्या कुठल्याही जुन्या गावात जा आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "काकाजी, जुनी पांढरी कोणत्या अंगाला आहे?" तो बसल्या जागेवरून हात करून दाखवील. काळ्याभोर वावरांच्या मधे उठलेला फिकट, राखाडी मातीचा उंचवटा. वर बाभळी, रुई, गुडघाभर तरोटा, एखादा कडुनिंब आणि त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेली मातामाय. कुणी त्याला गढी म्हणतं, कुणी टेकाड, कुणी रिठ. सरकारी कागदात बहुतेक वेळा ती नुसती पडीक जागा असते.

प्रत्यक्षात तिथं एकावर एक गावं निजलेली असतात. मातीची भिंत पडली की तीच पसरून तिच्यावर नवी भिंत उभी राहायची. चुलीची राख, शेणकेर, फुटकी गाडगी, हाडं, सगळं जागच्या जागी मुरायचं. असं शेकडो वर्षं चाललं की जमीन पुरुषभर, कधी दोन-तीन पुरुष वर चढते. राखेनं आणि चुन्यानं मातीला पांढुरका रंग येतो, म्हणून ती पांढरी. वस्तीची ती पांढरी आणि शेतीची ती काळी, हा आपल्या भाषेतला जुना भेद इथं डोळ्यांनी दिसतो.

अशी टेकाडं मी बरीच वर्षं पाहत आलो आहे, बहुतेक नागपूर, भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांतली. त्यांतली काही आता उरलेली नाहीत. म्हणून नव्याने जाणाऱ्यांसाठी हे जरा तपशिलात लिहितो.

आधी डोळा तयार करा

पहिल्याच दिवशी अनोळखी टेकाडावर गेलात तर माती आणि खापरं यापलीकडे काही दिसणार नाही. आधी नागपूरच्या अजब बंगल्यात एक सकाळ घालवा. १८६३ पासूनचं हे मध्यवर्ती संग्रहालय. तिथली जुनी भांडी, मणी, नाणी सावकाश पाहा. खापराचा काठ कसा वळतो, भाजणीत काळा आणि तांबडा रंग एकाच भांड्यावर कसा येतो, हे एकदा डोळ्यात बसलं की पुढे फार उपयोगी पडतं.

मग उमरेड-भिवापूरमार्गे पवनीला जा. वैनगंगेकाठचं हे गाव आजही जुन्या मातीच्या तटाच्या आत वसलेलं आहे. लोक रोज त्या तटावरून जातात, पण तो तट आहे हे पटकन ध्यानात येत नाही. निव्वळ लांबट टेकडी वाटते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व ज. पां. जोशी यांच्या देखरेखीखाली इथं उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. तटावर उभं राहून बाहेरच्या बाजूचा खंदकाचा खोलगट पट्टा शोधा. तो दिसला म्हणजे पुढच्या टेकाडावर काय शोधायचं ते कळलं.

कुही तालुक्यातलं अडम हे असंच तट आणि खंदक असलेलं ठिकाण. १९८८ ते १९९२ या काळात अमरेंद्र नाथ यांनी तिथं उत्खनन केलं. मध्याश्मयुगापासून, म्हणजे बारीक दगडी हत्यारांच्या काळापासून, सातवाहन राजांपर्यंतचे (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे) थर एकाच जागी मिळाले आणि 'असकजनपदस' अशी अक्षरं असलेली एक मुद्रा, म्हणजे ठसाही. आपण अस्सक किंवा अश्मक या जनपदाचं, म्हणजे प्राचीन राज्याचं नाव ग्रंथांत वाचतो, ते इथं मातीतून वर आलं.

कागद आणि नकाशा

निघण्याआधी गूगल अर्थवर ते ठिकाण उघडा. कापसाच्या काळ्या जमिनीत पांढरी फिकट डागासारखी उठून दिसते. त्यात जुन्या वर्षांची चित्रं पाहण्याची सोय आहे, ती नक्की वापरा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डाग आणि आजचा डाग शेजारी ठेवले की टेकाड कोणत्या बाजूने खाल्लं गेलं ते घरबसल्या समजतं. दोन्ही चित्रं जपून ठेवा, पुढे अर्ज करताना लागतील.

मग सातबारा. जागा खाजगी आहे, सरकारी आहे की गावठाणात, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आमच्या पूर्व विदर्भात आणखी एक कागद बघायचा असतो, निस्तार पत्रक. गावाने चराई कुठं करायची, सरपण कुठून आणायचं, माती-मुरूम कुठून न्यायचा, अशा सामाईक हक्कांची ती नोंद. पांढरीची माती नेण्याचा रिवाज असा जुना आहे. उन्हाळ्यात बंडी भरून ही माती वावरात टाकायची, कारण राख आणि शेणकेर मुरल्यामुळे ती उत्तम खत असते. घर सारवायला, धाब्यावर टाकायलाही तीच. चार-दोन बंड्या माती गेल्याने टेकाड संपत नव्हतं. आता त्याच रिवाजाच्या नावावर जेसीबी लागतो, आणि बंडीला शंभर वर्षांत जेवढं नेता आलं नसतं तेवढं एका आठवड्यात ट्रॉल्यांतून जातं.

टेकाड संरक्षित आहे का, हेही विचारून घ्या. केंद्राच्या संरक्षित स्थळावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक असतो. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. राज्याने संरक्षित केलेली स्थळं १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली येतात. पण तुम्ही पाहाल त्यांतली बहुतांश टेकाडं दोन्ही याद्यांत नसतील, हे धरून चाला.

कधी जायचं

पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत गवत इतकं माजलेलं असतं की पायाखालची जमीन दिसत नाही. मार्गशीर्ष ते माघ हा चांगला काळ. मला स्वतःला मात्र मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतरची सकाळ सगळ्यात आवडते. धूळ धुऊन गेलेली असते, तरोटा अजून उगवलेला नसतो आणि खापरांचे रंग ओलाव्याने उजळतात. एप्रिल-मेमध्ये जायचं झालं तर सकाळी दहाच्या आत खाली उतरा. आपल्याकडचं ऊन कुणाला सांगायला नको.

पायात घोट्याच्या वर येणारे बूट हवेतच. टेकाड म्हणजे उंदरांची बिळं, आणि उंदीर तिथं घोणस, नाग, मण्यार. बिळात हात घालायचा नाही, कडेच्या कपारीत तर मुळीच नाही. बरोबर पाणी, वही, मीटर-टेप, छोटी पट्टी आणि चार्ज केलेला मोबाइल. खुरपं, पहार, कुदळ असलं काही नेऊ नका. साधं खुरपं जरी पिशवीत दिसलं तरी गावात तुमच्याबद्दल एकच समज होतो, आणि त्याबद्दल आता सांगतो.

गावात शिरताना

सरळ टेकाडावर जाऊ नका. आधी ग्रामपंचायतीत जा, सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा, नाव-गाव सांगा. एकटे असाल तर गावातलं कुणीतरी बरोबर घ्या. विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक गढीबद्दल गुप्तधनाची गोष्ट सांगितली जाते. अमावस्येच्या रात्री येऊन खड्डे करणारे लोक खरोखर असतात. टेकाडाच्या माथ्यावर कमरेएवढा खड्डा, शेजारी लिंबं आणि हळद-कुंकू मी अनेकदा पाहिलं आहे. त्यामुळे वाकून जमीन बघत फिरणारा परका माणूस दिसला की गावाला संशय येतो, आणि तो रास्त आहे.

दुसरा संशय असतो सरकारी माणसाचा. टेकाडाच्या उतारावर कुणाचा गोठा असतो, कुणाचं कुडाचं घर, कुणाची तुरीची ओळ. हा माणूस मोजणीला आला, आता नोटीस येणार, असं त्यांना वाटतं. म्हणून फोटो काढण्याआधी त्या घरी जा. पाणी मागा, बसा, कशासाठी आलात ते सांगा. मला इथं एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. भूमिहीन माणसाने चार पत्रे ठोकून टाकलेला आडोसा आणि वीटभट्टीसाठी मशीन लावून कापलेली कड या दोन्ही गोष्टींना आपण 'अतिक्रमण' हा एकच शब्द वापरतो. टेकाडाचं नुकसान बघितलं तर त्या दोन्हींची तुलनाच होत नाही. गोठ्याखालचे थर बहुतेक शाबूत असतात. गोठेवाल्याला शत्रू केलंत तर टेकाडाचा रोजचा राखणदार गमावलात.

एकदा मी एका उतारावर उभा असताना धुऱ्यावरून एक आजी आल्या. "काय पाहून राह्यले भाऊ? धन-गिन हाय काय खाली?" मी त्यांना एक खापर दाखवलं, त्याच्या आतली बाजू काळी, बाहेरची तांबडी. त्या ते बराच वेळ उलटसुलट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमी तं लहानपणापासून याच मातीनं चूल सारवतो. असे खापर काढून काढून फेकत होतो." आणि स्वतःच मला टेकाडाच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. विहिरीचं जुनं विटांचं तोंड तिथं होतं. मी तीनदा त्या बाजूने गेलो होतो, मला ते दिसलं नव्हतं.

वर चढल्यावर

आधी माथ्यावर जाऊन चारी बाजूंना बघा. नदी कुठं आहे, उतार कुठं सौम्य आणि कुठं एकदम तुटलेला आहे, कडेने खोलगट पट्टा फिरतो का. तुटलेला उतार नदीने कापला असेल किंवा माणसाने. मग पावलांनी लांबी-रुंदी मोजा आणि वहीत साधा आराखडा काढा, उत्तर दिशा दाखवून. आराखडा सुबक नसला तरी चालतो.

मातामायच्या ओट्याकडे विशेष लक्ष द्या. तिथं शेंदराखाली जुनी शिल्पं, वीरगळाचे तुकडे, कधी खालून छोटे पाय कोरलेला जुना दगडी पाटा ठेवलेला असतो. असे पायांचे पाटे सातवाहन काळातल्या वस्त्यांत सापडतात. ते देवाचं आहे. हलवायचं नाही, शेंदूर खरवडायचा नाही. विचारून फोटो घ्या.

जमिनीवर काय दिसेल? खापरं तर सगळीकडे. त्यांत काळी-तांबडी खापरं ओळखायला सोपी. पण ती फार मोठ्या कालखंडात बनत होती, तेव्हा एक खापर पाहून 'तीन हजार वर्षांपूर्वीचं' असं ठोकून देऊ नका. उन्हात धरल्यावर अभ्रक चमकणारी तांबडी खापरंही मिळतील. शंखाच्या आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे, अकीकाचे मणी, आणि जड, काळे, बुडबुडे आल्यासारखे दगड. हा दगड नसून लोखंड गाळताना उरलेला मळ असतो. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नैकुंड येथे लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टीच उत्खननात मिळाली आहे. विटा दिसल्या तर मोजा. आजची वीट नऊ इंचांची. हातभर लांब, चपटी, जड वीट दिसली तर ती जुन्या बांधकामाची असू शकते. गावातल्या घरांच्या पायातही त्या सापडतात.

कापलेली कड

टेकाडाची सगळ्यात दुःखाची जागा तीच सगळ्यात जास्त शिकवणारी असते. मशीनने किंवा नदीने जिथं उभा काप घेतला आहे, तिथं सगळे थर उघडे पडतात. सकाळचं तिरपं ऊन कडेवर पडेल अशी वेळ निवडा. कडेच्या अगदी खाली उभं राहू नका, पोकळ झालेला भाग कोसळतो. चार-पाच हात लांब थांबा आणि खालून वर वाचायला लागा.

मी पाहिलेली एक कड सांगतो. उंची दीड पुरुषाची. तळाला भेगाळलेली काळी माती, म्हणजे वस्ती व्हायच्या आधीचं मूळ रान. त्यावर पिवळसर गाळ. त्यावर टाचेएवढी जाड, कठीण, आडवी पट्टी, सारवलेली जमीन. तिच्यावर हातभर राख, आणि राखेत अर्धा बाहेर आलेला रांजणाचा काठ. त्याच्या डावीकडे सारवलेली जमीन अचानक तुटते आणि खाली वाटीसारखा खळगा उतरतो. तो नंतरच्या काळात कुणीतरी खणलेला खड्डा, कदाचित धान्याचा पेव. खड्डा वरून खाली जातो, म्हणजे त्यातल्या वस्तू खालच्या थराच्या शेजारी असल्या तरी वरच्या काळातल्या. हे एकदा समजलं की कड उलगडायला लागते. त्यावर भाजलेल्या मातीचे तांबडे ढेकूळ, बहुधा जळालेल्या घराची भिंत. मग पुन्हा जमीन, पुन्हा राख. सगळ्यात वर विटांचा चुरा आणि कडुनिंबाची मुळं. मधल्या भोकांतून वेडे राघू ये-जा करत होते.

एक सावधगिरी. त्याच राखेच्या थरात मला गुटख्याच्या पुडीचा तुकडा दिसला होता. उंदराने बिळातून खाली ओढून नेलेला. तेव्हा बिळाच्या जवळ जे दिसेल त्यावर विश्वास ठेवू नका.

फोटो असे घ्या : आधी लांबून अख्खी कड, मग टप्प्याटप्प्याने जवळून. प्रत्येक फोटोत पट्टी किंवा मीटर-टेप दिसू द्या. काहीच नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. वहीत तारीख, वेळ, कडेचं तोंड कोणत्या दिशेला, आणि प्रत्येक थराची जाडी. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश. कड खरवडून स्वच्छ करायचा मोह होतो, तो टाळा. हे काम शिकलेल्यांचं आहे.

मी वर सांगितलेली कड पुढच्या वर्षी तिथं नव्हती. तिथं सपाट वावर होतं आणि कापसाची पऱ्हाटी उभी होती. रांजण, पेव, जळालेली भिंत यांची आज फक्त माझ्या वहीतली दोन पानं आणि अकरा फोटो शिल्लक आहेत.

वस्तू हातात आली तर

बघा, फोटो घ्या, जागच्या जागी ठेवा. सुरुवातीच्या दिवसांत मी एका टेकाडावरून सात मणी रुमालात बांधून आणले होते. जाणकारांना दाखवले, तेव्हा त्यांनी विचारलं, कोणत्या थराजवळ मिळाले? सोबत काय होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आता कुणाकडेच ते असणार नाही.

मातीचा बारीक गोळासुद्धा क्षुल्लक समजू नका. रामटेकजवळच्या नगरधनला, म्हणजे वाकाटक राजघराण्याच्या नंदिवर्धनला, अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसऱ्याची ती मुलगी, वाकाटकांचं राज्य सांभाळणारी राणी. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यात पुराणांच्या वंशावळीत नसलेल्या राजांची नावं वाचता आली. ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर ती नावंही गेली असती.

नाणी, मूर्ती, ताम्रपट असं काही शेतात किंवा खोदकामात निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची, जमिनीत दडलेली कुठलीही वस्तू त्यात येते. शेतकरी घाबरतो, वावर जाईल असं त्याला वाटतं. त्याला तहसीलदारांकडे एकटं पाठवू नका, बरोबर जा.

मशीन चालू दिसलं तर

ड्रायव्हरशी भांडू नका. तो रोजंदारीवर आहे, आणि तुम्ही एकटे आहात. सुरक्षित अंतरावरून फोटो घ्या, तारीख-वेळ नोंदवा, आणि त्याच दिवशी लेखी अर्ज करा. तोंडी सांगितलेलं कुठंच उरत नाही.

अर्ज तहसीलदारांना. माती, मुरूम हे गौण खनिज आहे. ते काढायला परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागतं. विनापरवाना उत्खननावर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली दंड होतो. टेकाडाचं ऐतिहासिक महत्त्व अधिकाऱ्याला पटवायला वेळ लागतो, गौण खनिजाचा मुद्दा मात्र लगेच समजतो, म्हणून अर्जात तो आधी लिहा. जागा सरकारी असेल तर तलाठ्यांकडे गाव नमुना १-इ, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत नोंद घ्यायला सांगा. प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला आणि नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला. पोच घ्या, शिक्का बघा. माझा एक अर्ज एका कार्यालयात आठ महिने पडून होता. पोच होती म्हणून तो पुन्हा वर काढता आला.

सगळ्यात जास्त उपयोग ग्रामसभेच्या ठरावाचा होतो. 'गावची जुनी पांढरी जतन करावी, तिथून माती नेऊ देऊ नये' एवढा दोन ओळींचा ठराव. शाळेच्या गुरुजींना बरोबर घ्या, पोरांना एकदा टेकाडावर आणा, खापरं दाखवा. ज्या गावात पोरं घरी जाऊन बापाला सांगतात तिथं ट्रॉल्या थांबलेल्या मी पाहिल्या आहेत.

काही ठिकाणी मात्र गावाच्या हातात काही नसतं. बुलडाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीकाठचं भोन घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथं विटांचा स्तूप निघाला, आणि ते ठिकाण जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आहे. पश्चिम विदर्भात असाल तर अशा जागा आधी पाहून घ्या, नोंदी आधी करा.

घरी आल्यावर

त्याच रात्री वही नीट उतरवून काढा. दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं. फोटोंना गाव, दिशा आणि तारीख अशी नावं द्या आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक गावातल्या शाळेत ठेवा. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर टाकू नका. ते वाचणाऱ्यांत गुप्तधनवालेही असतात.

टेकाडाच्या समोर एखादी न हलणारी खूण शोधून ठेवा, विहिरीचं कठडं, विजेचा खांब, मोठा दगड. दरवर्षी दिवाळीनंतर त्याच खुणेपाशी उभं राहून, त्याच दिशेला तोंड करून एक फोटो घ्या. परत निघताना गोठेवाल्या घरी पाच मिनिटं थांबा आणि तुमचा फोन नंबर त्यांच्या दाराच्या चौकटीवर खडूने लिहून या. मशीन आलं की पहिला फोन तिथूनच येतो.